मोरी तुंबली की ॲसिड ओतताय? जुन्या बिल्डिंगच्या पाइपमध्ये काय होतं ते आधी वाचा

मोरीत पाणी साचायला लागलं की बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. आधी जाळी काढून केस उचलायचे. मग वरून उकळतं पाणी ओतायचं. तरी पाणी हललं नाही की दुकानातून चोकअप काढायच्या पावडरचं पाकीट आणायचं. आणि तेही फेल गेलं की शेवटचा उपाय म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीत मिळणारं बाथरूमचं ॲसिड. धूर निघतो, फसफस होते, नाकात झिणझिण्या येतात आणि आपल्याला वाटतं, चला, काम झालं.

दोन आठवड्यांनी मोरी पुन्हा तुंबते. कधीकधी तर त्याआधीच खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आलेली असते.

या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे आपल्या लक्षातच येत नाही. आपण ओतलेलं केमिकल ज्या पाइपमधून जातं तो पाइप भिंतीत असतो, नाहीतर डक्टमध्ये. तो दिसत नाही, त्यामुळे त्याचं काय होतंय हेही कळत नाही. बिल्डिंग ३०-४० वर्षं जुनी असेल तर मात्र हे कळून घ्यायलाच हवं.

तुमच्या भिंतीत कोणता पाइप आहे?

आज नवीन बिल्डिंगमध्ये सांडपाण्यासाठी सर्रास पीव्हीसीचे पाइप वापरतात. जुन्या बिल्डिंगमध्ये मात्र वेगवेगळे प्रकार सापडतात.

पहिला प्रकार बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बाहेरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत जाणारे जाडजूड काळे पाइप दिसतात ना, तेच. दोन पाइप जोडताना सांध्यात ताग ठासून वर वितळलेलं शिसं ओतायची पद्धत होती.

दुसरा प्रकार ॲस्बेस्टॉस सिमेंटचा. हे राखाडी पाइप दिसायला सिमेंटच्या पत्र्यासारखे असतात.

तिसरा प्रकार जमिनीखाली असतो. भाजलेल्या मातीचे, तपकिरी आणि चकचकीत असे हे स्टोनवेअरचे पाइप चेंबरकडे जातात. त्यांचे सांधे सिमेंटने भरलेले असतात.

याशिवाय काही घरांत सिंक किंवा बेसिनपासून निघणारे छोटे पाइप जीआयचे असतात, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर दिलेले.

मुंबईचंच उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या शहर भागातल्या जुन्या इमारतींना उपकरप्राप्त इमारती म्हणतात. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या आणि त्यातल्या हजारो इमारतींमध्ये आजही लोक राहतात. पुण्यातले वाडे, नाशिक-कोल्हापूरच्या जुन्या पेठा आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्या यात धरल्या तर जुन्या पाइपांवर चालणाऱ्या घरांची संख्या किती मोठी असेल याचा अंदाज येतो.

बऱ्याच ठिकाणी तर खिचडी असते. एक तुकडा फुटला म्हणून तेवढाच पीव्हीसीचा टाकलेला असतो आणि वर-खाली बिडाचा पाइप तसाच असतो. त्यामुळे एकाच केमिकलचा एकाच लाइनवर दोन ठिकाणी वेगळा परिणाम होऊ शकतो.

ॲसिड नेमकं काय खातं?

बाथरूमचं ॲसिड म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. टॉयलेट क्लीनरच्या अनेक बाटल्यांमध्येही तेच असतं. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात त्याचं प्रमाण साधारण १० टक्के असं छापलेलं दिसेल. सुटं ॲसिड याहून बरंच तीव्र असू शकतं आणि ते किती तीव्र आहे हे बाटलीवर लिहिलेलंच नसतं.

आता मोरी कशामुळे तुंबते ते बघू. केस, साबणाचा चिकट थर, तेल-तूप, भाताची शितं, चहाचा चोथा, शॅम्पूच्या पुड्यांचे तुकडे. घरात वापरल्या जाणाऱ्या तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक ॲसिड यातल्या केसांना, चरबीला आणि प्लास्टिकला जवळपास काहीच करत नाही.

ते विरघळवतं चुना, सिमेंट आणि लोखंड. म्हणजे अडकलेला बोळा तिथेच राहतो आणि त्याच्या भोवतीचा पाइप झिजतो.

याचा पुरावा तुमच्या मोरीतच आहे. जुन्या मोऱ्यांमध्ये शहाबादी फरशी असते, ओट्याखाली कडप्पा असतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांच्यावर ॲसिड पडलं की फसफस होते. आपण समजतो की मळ निघतोय. खरं तर तो फेस म्हणजे दगड विरघळताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड असतो. फरशी स्वच्छ दिसते, कारण तिचा वरचा थर मळासकट निघून गेलेला असतो. काही वर्षांनी ती फरशी खरखरीत होते आणि मग मळ आणखी लवकर धरते. मग पुन्हा ॲसिड.

टाइल्सच्या मधल्या फटीत भरलेलं सिमेंटही असंच जातं. मोरीच्या तोंडाशी जो वाटीसारखा भाग असतो, त्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. त्याच्या भोवतीचा सिमेंटचा सांधा सगळ्यात जास्त ॲसिड पितो, कारण आपण ओततोच तिथे. तो सांधा एकदा उघडला की अंघोळीचं पाणी पाइपमध्ये जायच्या ऐवजी फरशीखाली मुरायला लागतं. खालच्या काकांच्या छतावरची ओल अनेकदा इथूनच सुरू होते.

बिडाच्या पाइपचं गुपित

घरात बिडाचा तवा असेल तर एक गोष्ट तुम्हाला माहिती असेल. त्यात चिंच किंवा टोमॅटो घालून काही शिजवलं की पदार्थ काळपट होतो आणि तव्याचा मुरलेला थर निघून जातो. चिंचेसारख्या सौम्य आंबटपणाने हे होत असेल, तर हायड्रोक्लोरिक ॲसिडने काय होईल?

ॲसिड आणि लोखंड एकत्र आले की लोखंडाचा क्षार तयार होऊन पाण्यात विरघळतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. बिडात मात्र आणखी एक गंमत आहे. त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतं तेच. दीर्घकाळ ओलाव्यात आणि आम्लात राहिल्यावर लोखंड झिरपून जातं आणि ग्रॅफाइटची जाळी मागे राहते. बाहेरून पाइप जसाच्या तसा दिसतो. आकार तोच, रंगही तोच. पण स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं तर टोक आत रुतू शकतं.

म्हणूनच जुना बिडाचा पाइप अनेकदा कोणताही इशारा न देता फुटतो. प्लंबर वरच्या मजल्यावर काहीतरी ठोकत असतो आणि खालचा सांधा निसटतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पाइप खराब होण्याचा सगळा दोष आपल्या ॲसिडवर टाकता येणार नाही. साचलेल्या गाळातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड नावाचा, सडक्या अंड्यासारखा वास असलेला वायू तयार करतात. तो पाइपच्या वरच्या ओलसर भागात पोहोचला की दुसरे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात. म्हणजे पाइप आतून आपोआपही झिजत असतो. वय, ओलावा आणि गाळ हे मूळ आजार आहेत. वरून ओतलेलं ॲसिड त्यात भर घालतं, आणि थांबवणं आपल्या हातात आहे ते तेवढंच.

मग चोकअपची पावडर चालेल का?

पाकिटातली पांढरी पावडर किंवा दाणे म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा. काही पावडरींमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. पाण्यात पडल्यावर कॉस्टिक सोडा प्रचंड तापतो. ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन आणखी उष्णता आणि हायड्रोजनचे बुडबुडे तयार होतात. त्या उष्णतेने चरबी वितळते आणि कॉस्टिकमुळे तिचा साबण होतो. केससुद्धा कॉस्टिकमध्ये हळूहळू विरघळतात.

म्हणजे तुंबलेल्या मोरीच्या बाबतीत ही पावडर ॲसिडपेक्षा निदान योग्य शत्रूवर हल्ला करते. बिडाच्या आणि सिमेंटच्या पाइपला ती ॲसिडइतकी खातही नाही.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. जीआय पाइपवरचं जस्त ॲसिडमध्येही विरघळतं आणि कॉस्टिकमध्येही. पीव्हीसीला कॉस्टिक काही करत नाही, पण उष्णता करते. पीव्हीसीचा पाइप सतत साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नये असं मानलं जातं. पूर्ण तुंबलेल्या पाइपमध्ये पावडर एका जागी बसून राहिली तर तापमान याच्या बरंच वर जाऊ शकतं. पाइप मऊ पडून वाकतो किंवा सांधा सैल होतो. उकळतं पाणी थेट ओतणंही म्हणूनच पीव्हीसीसाठी बरं नाही.

दुसरी अडचण म्हणजे पावडर जास्त आणि पाणी कमी झालं तर तयार झालेला साबण आणि न विरघळलेला सोडा मिळून दगडासारखा गोळा बसतो. बोअरवेलच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे हा थर आणखी चिवट होतो. आधी केसांचा बोळा होता, आता त्यावर सिमेंट केल्यासारखं होतं.

ब्लीच आणि फिनाईल?

पातळ केलेलं ब्लीच किंवा फिनाईल फरशी पुसून मोरीत गेलं तर पाइपला फारसा धोका नाही. घट्ट ब्लीच रात्रभर तसंच ठेवलं तर मात्र ते लोखंडाला आणि स्टीललाही गंजवतं. स्टीलच्या सिंकवर बारीक काळे ठिपके पडलेले दिसतात, त्यामागे ब्लीच किंवा ॲसिडमधलं क्लोराइड असू शकतं.

ज्यांच्या घरचं सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं, त्यांनी आणखी जपायला हवं. टँकमधला मैला जिवाणू कुजवतात. ॲसिड, ब्लीच आणि फिनाईल भरपूर गेलं की हेच जिवाणू मरतात आणि टँक लवकर भरतो.

अनेकदा आपण फिनाईल ओततो ते वासामुळे. पण वास येण्याचं कारण वेगळंच असू शकतं. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साठून राहतं आणि तेच पाइपमधला वायू घरात येऊ देत नाही. मोरी महिनाभर वापरली नाही तर हे पाणी सुकतं. मग वास येतो, झुरळंही येतात. त्यावर उपाय म्हणजे एक तांब्या साधं पाणी.

रील्समधले जुगाड

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर हा इन्स्टाग्रामवरचा लाडका प्रयोग. फेस भरपूर येतो. पण सोडा आम्लारीधर्मी आणि व्हिनेगर आम्ल, त्यामुळे दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. शेवटी उरतं ते पाणी, थोडा क्षार आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. त्याने पाइपचं नुकसान होत नाही, पण केसांचा बोळाही निघत नाही. हलका चिकटपणा असेल तर फेसाच्या हालचालीने थोडा सुटतो, इतकंच.

धोकादायक रील्स वेगळ्या आहेत. कमोडमध्ये टॉयलेट क्लीनर, त्यावर ब्लीच, त्यावर कपड्यांची पावडर असे रंगीत थर रचणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. हा वायू फुप्फुसांना इजा करतो आणि छोट्याशा बंद बाथरूममध्ये जीवही घेऊ शकतो. कॉस्टिकवर ॲसिड ओतलं तर इतकी उष्णता निर्माण होते की मिश्रण उसळून तोंडावर येऊ शकतं. काल पावडर टाकली होती, आज ॲसिड टाकून बघू, असं करताना नेमकं हेच घडतं, कारण तुंबलेल्या पाइपमध्ये कालची पावडर अजून तिथेच असते.

मग टॉयलेट क्लीनर वापरायचाच नाही का?

वापरायला हरकत नाही. कमोड चिनी मातीचा असतो आणि त्यावरच्या काचेसारख्या थराला हे ॲसिड काही करत नाही. बाटलीवर सांगितलं आहे तेवढंच वापरलं, तेवढाच वेळ ठेवलं आणि नीट फ्लश केलं तर ते भरपूर पाण्यात पातळ होऊन पुढे जातं. जुन्या पाइपलाही हे सोसतं.

फरक पडतो तो तीव्रता आणि वेळ यांमुळे. वाहत्या पाइपमधून पातळ ॲसिड काही क्षणांत निघून जातं. तुंबलेल्या पाइपमध्ये घट्ट ॲसिड तासन्‌तास एकाच सांध्यावर बसून राहतं. म्हणून पाइप तुंबलेला असताना केमिकल ओतणं हीच सगळ्यात वाईट वेळ असते.

सुट्या ॲसिडचा आणखी एक पैलू आहे. ॲसिड हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. दुकानदाराने खरेदीदाराची नोंद ठेवायची, ओळखपत्र बघायचं, कारण विचारायचं आणि १८ वर्षांखालील कुणालाही ॲसिड द्यायचं नाही, असे ते आदेश आहेत. तुम्हाला काहीही न विचारता बाटली हातात मिळत असेल, तर ती विक्रीच नियमात बसत नाही.

नुकसान झालं तर पैसे कुणी द्यायचे?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरची सामाईक पाइपलाइन आणि ड्रेनेज लाइन यांच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे फ्लॅटच्या आत होणारी गळती मात्र सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते.

म्हणजे तुमच्या नहाणी ट्रॅपचा सांधा गेला आणि खालचं छत भिजलं तर खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. बाहेरचा बिडाचा पाइप गेला तर सगळ्यांच्या मेंटेनन्समधून पैसे जातात. आणि ओल फक्त रंग खराब करून थांबत नाही. पाणी स्लॅबमध्ये मुरलं की आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात.

चेंबर उघडणाऱ्याचाही विचार करा

तुम्ही ओतलेलं रसायन पाइपमध्ये अडकून राहिलं आणि नंतर प्लंबरने ट्रॅप उघडला, तर ते थेट त्याच्या हातावर, डोळ्यांत उडतं. चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये साचलेल्या गाळात ॲसिड मिसळलं तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडू शकतो. बंदिस्त जागेत हा वायू माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतो.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तेव्हा प्लंबरला बोलावलं की पहिलं वाक्य हेच असू द्या: "दादा, यात काल अमुक टाकलंय." आणि सोसायटीच्या चेंबरमध्ये कुणाला उतरवलं जात असेल तर थांबवा, मशीनने काम करणाऱ्यांना बोलवा.

तर मग करायचं काय?

१. पाइप ओळखा. बाहेरच्या पाइपला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंडी, नाही चिकटला तर पीव्हीसी किंवा सिमेंट. राखाडी सिमेंटचा पाइप असेल तर तो कापू किंवा फोडू नका. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांसाठी घातक असते.

२. तुंबलं की आधी हात आणि अवजार. जाळीखालचा केसांचा बोळा तारेच्या आकड्याने काढा. रबरी पंपाने दाब द्या. सिंक तुंबलं असेल तर खालचा बॉटल ट्रॅप बादली लावून उघडा, बरेचदा सगळं तिथेच अडकलेलं असतं.

३. नाही निघालं तर प्लंबरकडून स्प्रिंग फिरवून घ्या. पाइप फार जुना असेल तर आधी सांगा, कारण जोरात ठोकाठोक किंवा जास्त दाबाचं पाणी कमकुवत बिडाला झेपत नाही.

४. तेलकट कढई धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसा. चहाचा चोथा कुंडीत टाका. मोरीवर बारीक जाळी बसवा.

५. जड पाण्याचे पांढरे डाग काढायचे असतील तर टाइल्सवर पातळ लिंबूसत्व लावून लगेच धुवा. शहाबादी आणि कडप्प्यावर तेही नको, तिथे साबण आणि ब्रशच.

६. एकाच घरातली मोरी वारंवार तुंबत असेल तर दोष त्या घराच्या लाइनमध्ये असतो. एकाच रांगेतल्या वर-खालच्या घरांत एकदम पाणी तुंबत असेल तर दोष सामाईक पाइपमध्ये किंवा चेंबरमध्ये आहे. अशा वेळी घरातून कितीही केमिकल ओतलं तरी ते तिथवर पोहोचत नाही. सोसायटीला लेखी कळवा.

७. बाहेरच्या पाइपच्या सांध्यातून पिंपळाचं किंवा वडाचं रोप डोकावतंय का बघा. रोप तिथे जगतंय याचा अर्थ त्याला पाणी मिळतंय, म्हणजे सांधा गळतोय. नुसतं वरून तोडलं तर ते पुन्हा येतं, सांधाच दुरुस्त करावा लागतो.

बिल्डिंगला ३० वर्षं झाली असतील तर स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय सोसायटीत येतोच. त्या वेळी सांडपाण्याच्या पाइपांची तपासणीही करून घ्या. सगळ्या लाइनी एकदम बदलणं परवडत नसेल तर निदान कोणती लाइन आधी जाणार आहे ते तरी कळेल. तोपर्यंत बाथरूममधली ती बिनलेबलची बाटली पुन्हा भरून आणू नका.